'ह' अर्धाच उठतो

सांगलीत, विजयनगरच्या कोर्टाबाहेर
चहाच्या टपरीला लागून माझं टेबल.
पानाला चाळीस रुपये, कार्बन प्रत वेगळी.
भाडेकरार, पोटगी, न वटलेल्या चेकची नोटीस,
कुणाचं भांडण कुठल्या नमुन्यात बसतं
ते तो खुर्ची ओढायच्या आत मला कळतं.

महादेवी ऐवळेचं कळलं नाही.

मार्केट यार्डात हळद निवडते ती.
बोटांच्या रेषा कायमच्या पिवळ्या.
म्हणाली, लिवा.
काय लिहू?
"बाळंत झाले तवा आत तांबी बसवली.
मला इचारलं न्हाई."

दीड वर्ष कंबर धरून कामावर गेली,
सासू म्हणे हळदीची उष्णता बाधली.
मग मिरजेच्या बाईंनी
सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवली,
काडीएवढी, पांढरी.

मी माझ्या सवयीनं विचारत गेलो.
पैसे मागितले? न्हाई.
कुणी शिव्या दिल्या? ते देत्यातच.
बाळ? पळतंय आता, गुणाचं हाय.
मग तक्रार नेमकी काय?
तिनं माझ्याकडं असं बघितलं
की ऐकू कमी येतं मलाच.
"इचारलं न्हाई."

मी ठोकत गेलो: अर्जदार हिचे म्हणणे असे की,
अर्जदार हिची प्रसूती झालेनंतर
अर्जदार हिचे संमतीवाचून...
वाचून दाखवा म्हणाली. दाखवलं.
"ही अर्जदार कोण?"
तूच की.
"मग मला म्हणा."
कायद्यात 'मला' नसतं, बाई.
"तिथं टेबलावर बी नव्हतं,"
ती म्हणाली,
"तिथं मी सात नंबर होते."

पिशवीतून कागद काढले तिनं.
बहात्तर तासांत द्यायचे ते
चार महिने हेलपाटे घालून मिळालेले.
संमतीच्या रकान्यात सही होती.
नवऱ्याची.
"त्यास्नी म्हणले सही करा, न्हाईतर आत घेत न्हाई.
आन मी सातवी शिकलीय, दादा.
मला सही येती."

मुजावर वकीलबाई चहाला थांबल्या होत्या.
कप न ठेवताच म्हणाल्या,
कायद्याला नवऱ्याची सही नको असते,
दवाखान्याला लागते.
आणि तारखेला निघून गेल्या.

मशीनवर बोटं ठेवली आणि
उगाच रिबन तपासत बसलो.

एक्क्याण्णव साल. दुसरी मुलगी झाली त्या रात्री
व्हरांड्यात मीही सही केली होती,
पाच जागी, वळणदार.
नर्स म्हणाली होती, अक्षर छान आहे तुमचं.
मालन शुद्धीवर आली तेव्हा
ऑपरेशन उरकलं होतं.
मला वाटलेलं, तिचा त्रास वाचवला.
तिनं काय वाटून घेतलं
ते मी टाइप केलेल्या हजारो पानांत
कुठंच नाही.

नवा कागद चढवला.
'मला विचारले नाही.'
एवढीच पहिली ओळ.
माझ्या मशीनचा 'ह' अर्धाच उठतो,
दोनदा ठोकला तरी.
नाही, हो, हक्क,
सगळीकडं पेननं गिरवावं लागलं.

तिनं सही केली. सावकाश,
शेवटच्या वेलांटीला जीभ दाताखाली धरून.
कागदाच्या कोपऱ्याला पिवळं बोट लागलं.
कारकून म्हणेल, डाग आहे, दुसरा आणा.
म्हटलं, आलीस तर पैसे घेणार नाही.
"घ्या की," ती म्हणाली, "काम हाय तुमचं,"
आणि चाळीसची नाणी मोजून ठेवली.

संध्याकाळी मशीनवर रेक्झिन घातलं.
घरी मालन शेंगा फोडत बसली असेल.
तिला विचारायचं म्हणजे
अर्जदार कोण ते स्पष्टच आहे.
'सामनेवाला' या शब्दापुढं
रिकामी जागा सोडायची सवय आहे मला,
नाव नंतर भरतात लोक.